ॲडमिट की घरी? इमर्जन्सीत हे कोण आणि कशावरून ठरवतं?

कोरांटी
मंडळी, गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत दोन प्रकार झाले आणि दोन्हींचा उलगडा होत नाहीये.

बाबांना (वय ७१, बीपीची गोळी चालू, शुगर वगैरे नाही) संध्याकाळी छातीत डाव्या बाजूला टोचायला लागलं. आईने घर डोक्यावर घेतलं, रिक्षा करून इमर्जन्सीत गेलो. ईसीजी झाला, रक्त घेतलं, तीन तासांनी परत घेतलं आणि रात्री उशिरा सांगितलं, "घरी न्या, दोन दिवसांत ओपीडीत दाखवा."

दुसरा प्रकार वॉचमनदादांच्या मुलाचा. पहाटे अंथरुणात साप दिसला, दंडावर पुसटसा ओरखडा. सूज नाही, दुखत नाही, पोरगा वडापाव मागतोय. त्याला मात्र चोवीस तास ठेवून घेतलं.

म्हणजे ज्याला दुखत होतं तो घरी आणि ज्याला काहीच होत नव्हतं तो ॲडमिट! काका अजून ऐकवतात की एवढ्या वयाच्या माणसाला ठेवून घेतलं नाही म्हणजे शुद्ध हलगर्जीपणा. याला काही नियम असतात, की ड्युटीवरच्या डॉक्टरांच्या मनावर असतं?

नाक्यावरचा
बेड रिकामा असेल तर ॲडमिट, नसेल तर घरी. इन्शुरन्स असेल तर थेट आयसीयू. धागा बंद करायला हरकत नाही.

रातपाळी
नाक्यावरचा, तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, त्यावर नंतर येते. (मी इमर्जन्सी मेडिसिनमध्येच काम करते. आयडीवरून कळलं असेलच.)

कोरांटी, तुमच्या दोन्ही पेशंटांचं बरोबर झालं असं मला वाटतं. लोकांना वाटतं आम्ही "किती दुखतंय" किंवा "आत्ता किती आजारी आहे" हे बघून ठरवतो. तेही बघतोच. पण खरी डोकेफोड असते ती पुढच्या चोवीस-अठ्ठेचाळीस तासांची. हा माणूस घरी गेला तर काय बिघडू शकतं? बिघडलं तर घरच्यांच्या लक्षात येईल का? आणि लक्षात आल्यावर इथे परत पोचेपर्यंत वेळ मिळेल का?

आधी बाबांचं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत व्हायला हवा, हा जगभरचा दंडक. पण पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून कोणी शहाणा डॉक्टर घरी सोडत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. म्हणून दुसरं सॅम्पल. जुन्या टेस्टला सहा तास थांबावं लागायचं, आताच्या जास्त संवेदनशील टेस्टमध्ये एक ते तीन तासांत दुसरं सॅम्पल चालतं. बघायचं असतं ते आकडा किती आहे आणि दोन सॅम्पलांच्या मधे तो चढला का.

त्यावर 'हार्ट स्कोअर' लावतात. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये काढलेला. दुखण्याचं वर्णन, ईसीजी, वय, जोखमीच्या गोष्टी आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. तुमच्या बाबांचं टोचणारं, बहुधा बोटाने जागा दाखवता येणारं दुखणं: शून्य. ईसीजी नॉर्मल असेल तर शून्य. पासष्टच्या पुढचं वय: दोन. बीपी: एक. ट्रोपोनिन नॉर्मल: शून्य. बेरीज तीन. तीनपर्यंत कमी धोका. २०१३ मध्ये तिथल्याच दहा हॉस्पिटलांमधल्या २,४४० पेशंटांवर हे तपासलं, तेव्हा या कमी धोक्याच्या गटात पुढच्या सहा आठवड्यांत ॲटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मृत्यू यातलं काहीही झालेले निघाले १.७ टक्के. चार ते सहा गुणवाल्यांत १६.६ टक्के आणि सात किंवा जास्त गुणवाल्यांत निम्मे. बाबांचे आणखी दोन गुण जास्त असते तर ते त्या रात्री घरी आले नसते.

आता काका म्हणतील, १.७ तरी का? तर शून्य कुठेच नसतं. आणि सत्तरीच्या माणसाला 'उगीच' ठेवून घेण्याचीही किंमत असते. अनोळखी खोली, रात्रभर दिवे, हाताला सलाईन. अशात म्हातारी माणसं गोंधळतात, बाथरूमला उठून पडतात, वॉर्डातलं इन्फेक्शन घरी घेऊन जातात.

सापाचं कोणीतरी गावाकडचे डॉक्टर जास्त चांगलं सांगतील.

खाडीपलीकडे
हाक मारलीत म्हणून आलो. कोकणात प्रॅक्टिस करतो.

अंथरुणातला साप, पहाटेची वेळ, दुखत नाही, सूज नाही, हे वर्णन ऐकूनच माझ्या अंगावर काटा येतो. मण्यार अशीच चावते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही. काही जण नुसतं पोट दुखतंय म्हणून येतात, आणि काही तासांनी पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, मग श्वास. पोरगा वडापाव मागत होता ही चांगली गोष्ट, पण त्याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून सापाचा नुसता संशय असला तरी चोवीस तास नजरेखाली. त्यात दर थोड्या वेळाने "डोळे वर कर, जीभ बाहेर काढ, मान उचल" हे चालू असतं.

घोणस-फुरशाचा संशय असेल तर रक्त गोठण्याची वीस मिनिटांची टेस्ट. नव्या कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग तिरकी करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलंय. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि ते ॲडमिट केल्याशिवाय कसं जमणार?

विंचवाचं तर आणखी उलटं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, तेव्हापासून आमच्याकडे त्या दंशाने मरणारे कितीतरी कमी झाले. त्यांच्याच कामातून आम्ही शिकलो की विंचू चावून जो ठणाण्याने आरडाओरडा करतोय, पण हातपाय गरम आहेत, घाम नाही, तो बहुतेक वेळा सुखरूप असतो. जो गप्प आहे, घामाने निथळतोय, हातपाय गार पडलेत, त्याच्यासाठी धावायचं. नातेवाईक मात्र ओरडणाऱ्याला पुढे ढकलतात.

आणि रातपाळी मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे सगळ्यात जास्त वजन. पुण्यात कमी धोक्याचा पेशंट घरी सोडला तर तो वीस मिनिटांत परत येईल. माझा पेशंट वाडीवर जाणार, शेवटची एसटी गेली की १०८ ची वाट बघायची, पावसाळ्यात साकव पाण्याखाली. तोच ईसीजी, तोच स्कोअर, तरी मी ठेवून घेतो. शहरातले कन्सल्टंट हसतात याला. हसोत.

तिसरी_खिडकी
मी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर काम केलंय, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो.

बहुतेक पॉलिसींमध्ये निदान चोवीस तास ॲडमिट असल्याशिवाय क्लेम नाही (डे-केअरच्या ठरावीक प्रोसिजर सोडून). त्यामुळे रोज दोन-तीन जण यायचे, "साहेब, रात्रभर ठेवून घ्या ना, बिल सुटेल." डॉक्टर घरी जा म्हणतायत आणि पेशंट जायला तयार नाही! दुसऱ्या बाजूने आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिलेल्या अपवादांत एक आहे: केवळ तपासण्या आणि निदानासाठी ॲडमिशन असेल तर पैसे नाहीत. म्हणजे कोरांटींच्या बाबांना काकांच्या समाधानासाठी एक रात्र ठेवलं असतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले असते, तर "हे ओपीडीत होण्यासारखं होतं" म्हणून क्लेम परत यायची दाट शक्यता. मग भांडण आमच्या खिडकीवर.

सापवाल्या मुलाच्या केसपेपरवर डॉक्टरने 'निरीक्षण' एवढंच लिहिलं तरी असाच घोळ होतो. कशाचं निरीक्षण, दर किती वेळाने काय तपासलं, काय औषध चालू होतं हे लिहिलेलं असावं लागतं. डॉक्टर लोक इथेच आळस करतात, सॉरी टू से.

कोरांटी
बापरे, बरंच कळलं. बाबांचं दुखणं खरंच बोटाने दाखवता येत होतं. 🙂 पण यातलं एक अक्षर आम्हाला तिथे कोणी सांगितलं नाही. "नॉर्मल आहे, घरी न्या" एवढंच. सांगितलं असतं तर काकांचं तोंड मी तिथेच बंद केलं असतं.

अजून एक. चुलत भावाला डेंग्यू, प्लेटलेट ६२ हजार. तापही उतरलाय. तरी डॉक्टर ॲडमिट व्हायला सांगतायत. पण त्याच्या मित्राच्या ४८ हजार होत्या, त्याला घरीच ठेवलं होतं. हे काय गणित आहे?

रातपाळी
डेंग्यूत लोक प्लेटलेटच्या आकड्याला धरून बसतात, आणि ताप उतरला की पेढे वाटतात. धोक्याचा काळ ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. म्हणून बघायचं ते पोट सतत दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा उगाच चिडचिड, लघवी कमी. आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय) चढतोय का, तेही प्लेटलेट खाली येत असताना. यातलं काही असेल, किंवा गरोदर बाई, तान्हं मूल, मधुमेही, एकटा राहणारा माणूस असेल तर ॲडमिट. नसेल, पाणी पोटात टिकत असेल, रोज रक्त तपासायला येणार असेल तर ४८ हजारवालाही घरी राहू शकतो.

भाऊ एकटा राहतो का? पोट दुखतंय का?

कोरांटी
एकटाच राहतो, हिंजवडीला. आणि हो, कालपासून पोट दुखतंय म्हणत होता, आम्हाला वाटलं ॲसिडिटी.

रातपाळी
मग धागा नंतर वाचा. त्याला आत्ता फोन करा आणि ॲडमिट व्हायला सांगा.

लेस्टरकर
इकडे यूकेत मी इमर्जन्सीत नर्स आहे. आमच्याकडे पैशाचा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे. २००४ पासून चार तासांचं टार्गेट: आलेल्या पेशंटला चार तासांत ॲडमिट, ट्रान्सफर किंवा डिस्चार्ज करा. आधी ९८ टक्के होतं, २०१० मध्ये ९५ केलं, आणि आता कितीतरी वर्षं ते गाठलेलंच नाही. टार्गेट जोरात होतं तेव्हाचे आलेख बघा, ॲडमिशनचा मोठा सुळका चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत. रोग काय घड्याळ बघून वाढतो? निर्णय झालेला नसतो, पण वेळ संपत आली म्हणून पेशंट वर पाठवला जातो.

ठेवायचं की नाही यात नर्सच्या नोंदींना इथे बरंच महत्त्व आहे. न्यूज-टू नावाचा स्कोअर आहे: श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध. पाच झाले की तातडीने डॉक्टर, सात झाले की पळापळ. न्यूमोनियासाठी वेगळा, कर्ब-६५. गोंधळलेपणा, युरिया, श्वासाचा वेग, बीपी आणि पासष्टचं वय. शून्य-एक असेल तर घरी पाठवता येतं. पण त्यात ऑक्सिजन मोजतच नाहीत! तिशीतला मुलगा, स्कोअर शून्य, ऑक्सिजन ८८, त्याला कोण घरी पाठवेल? स्कोअर डॉक्टरच्या हाताखाली काम करतो, उलटं नाही.

आणि सगळ्यात जास्त डोकं कशात जातं सांगू? पंच्याऐंशीची आजी, पडली, हाड मोडलेलं नाही, रिपोर्ट नॉर्मल. डिस्चार्ज! पण जिना चढू शकत नाही आणि घरी कोणी नाही. मग फिजिओ येऊन तिला चालवून बघतात, ऑक्युपेशनल थेरपिस्ट विचारतात की स्वतःचा चहा करता येतो का, टॉयलेट कुठल्या मजल्यावर आहे. तिचं उत्तर 'नाही' असलं की आजार नसताना बेड अडतो, आणि त्या बेडची वाट बघत खरा आजारी माणूस कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून राहतो. आपल्याकडे सुना-लेकी हे ऑडिट न करता निभावतात, म्हणून ते कोणाला दिसत नाही.

रातपाळी
चालवून बघणं आमच्याकडेही आहे, नाव नाही एवढंच. घरी सोडायच्या आधी मी पेशंटला पाणी पाजते, बिस्किट देते, कॉरिडॉरमध्ये बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून एक फेरी मारायला लावते, लघवी झाली का विचारते. पडून ९७ असलेला ऑक्सिजन चालल्यावर ८९ झालेला पाहिला की घरी सोडायचा विचार रद्द. कोणत्याही स्कोअरपेक्षा या फेरीने मला जास्त वेळा वाचवलंय.

एडिसनवासी
अमेरिकेत तिसराच खेळ. माझी आत्या (इथली नागरिक, मेडिकेअर म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा असलेली) चक्कर येऊन पडली. तीन रात्री हॉस्पिटलात, बेड, गाऊन, जेवण, सगळं. डिस्चार्जनंतर पुनर्वसन केंद्रात जायची वेळ आली तेव्हा कळलं की ती कागदोपत्री ॲडमिट झालीच नव्हती! 'ऑब्झर्व्हेशन' होती, म्हणजे बाह्यरुग्ण. मेडिकेअर नर्सिंग केंद्राचा खर्च देतं, पण आधी सलग तीन दिवस 'इनपेशंट' असावं लागतं. ऑब्झर्व्हेशनच्या रात्री त्यात धरत नाहीत. घरच्यांनी खिशातून भरले.

२०१३ पासून तिथे दोन मध्यरात्रींचा नियम आहे: पेशंटला दोन मध्यरात्रींच्या पलीकडे ठेवावं लागेल असं डॉक्टरला वाटलं तरच साधारणपणे इनपेशंट. तुम्ही ऑब्झर्व्हेशनवर आहात असा कागद आता द्यावा लागतो, आत्याला दिलाही होता. सह्यांच्या गठ्ठ्यात तो कोणी वाचला नाही.

नाक्यावरचा
एकूण काय, सगळीकडे तेच. नाव वेगळं. रातपाळी मॅडम, "नंतर येते" म्हणाला होतात. कधी येताय?

रातपाळी
आले. मोठ्या खासगी हॉस्पिटलांत 'कन्व्हर्जन' नावाचा आकडा असतो: इमर्जन्सीत आलेल्यांपैकी किती ॲडमिट झाले. मी एका ठिकाणी होते तिथे दर महिन्याच्या मीटिंगमध्ये तो पडद्यावर यायचा. कोणी "ॲडमिट करा" असं थेट म्हणत नाही. फक्त तुमचा आकडा शेजाऱ्यापेक्षा कमी का, असं हसत विचारतात. याचा परिणाम होत नाही असं म्हणणारा डॉक्टर खोटं बोलतोय. तुमचं बेडचं म्हणणंही खरं, तिथे ओढ उलट दिशेने असते: सरकारी हॉस्पिटलात जमिनीवर गाद्या घालून ठेवतात, पण सीमारेषेवरचा पेशंट अशा रात्री घरी जातो, जो निवांत रात्री राहिला असता.

पण हेही ऐका. स्वच्छ ॲटॅक आणि स्वच्छ सर्दी यांत बेड, पैसा, मीटिंग कशानेच निर्णय बदलत नाही. बदलतो तो मधल्या पट्ट्यात. तिथे तुम्ही विचारायचं, "डॉक्टर, घरी नेलं तर नेमकी कशाची भीती आहे?" उत्तर ठोस आलं तर ठेवा. "सेफ्टीसाठी" एवढंच आलं तर पुढचा प्रश्न विचारा.

वकील_नाही
एक भेद राहिला. घरी पाठवणं आणि घेतच नाही म्हणणं या दोन गोष्टी वेगळ्या. सुप्रीम कोर्टाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं की जीव वाचवणारे उपचार आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल तर वाचावाच. हकीम शेख १९९२ मध्ये ट्रेनमधून पडून डोक्याला मार बसलेला माणूस, कलकत्त्यात एका सरकारी हॉस्पिटलातून दुसऱ्यात, कुठे बेड नाही तर कुठे सोय नाही, शेवटी खासगीत. कोर्टाने २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली आणि बेड नाही ही सबब सरकारला चालणार नाही असं बजावलं. तपासून, स्थिर करून, कारण लिहून घरी पाठवलं तर तो वैद्यकीय निर्णय. दारातून परतवलं तर नाही.

गोधडी
डामा म्हणजे काय ते कोणी सांगेल का? सासऱ्यांना घरी आणताना सही घेतली होती. आता परत त्रास झाला तर ते हॉस्पिटल घेणार नाही का?

खाडीपलीकडे
डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय, एवढाच त्याचा अर्थ. परत जाता येतं, बिनधास्त जा. सही केली म्हणून कागद, ईसीजीची कॉपी, औषधांची चिठ्ठी नाकारता येत नाही, तेही मागून घ्या. माझ्याकडे डामा करणारे बहुतेक जण रोगापेक्षा बिलाला किंवा घरच्या गुरांना घाबरून जातात. ते आधी बोलले तर निदान गोळ्यांवर कसं भागवायचं ते तरी ठरवता येतं.

कोरांटी
अपडेट: भाऊ ॲडमिट झाला. हिमॅटोक्रिट वाढलेला निघाला, सलाईन चालू आहे, बीपी ठीक आहे. रातपाळी, काय बोलू. काकांना धाग्याची लिंक पाठवलीय.

गोधडी
धन्यवाद खाडीपलीकडे. जाता जाता एक, लेक सव्वा वर्षाचा आहे, तासाभरापूर्वी दिवाणावरून पडला. लगेच रडला. कपाळावर टेंगूळ आहे. आता झोप येतेय त्याला, झोपू द्यावं का? की इमर्जन्सीत न्यावं?

रातपाळी
दिवाण किती उंच? उलटी? टेंगूळ कपाळावरच आहे ना, बाजूला किंवा मागे नाही ना?

गोधडी
गुडघ्याएवढा. उलटी नाही. कपाळावरच. पडल्यावर दूध प्यायला आणि मांजरामागे धावला.

रातपाळी
इथून तपासता येत नाही हे आधी. पण दोन वर्षांखालच्या मुलांत आम्ही घाबरतो ते तीन फुटांहून उंचावरून पडणं, काही सेकंद का होईना शुद्ध हरपणं, कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र आलेलं टेंगूळ, आणि आईबापाने "हा नेहमीसारखा नाहीये" म्हणणं. हे शेवटचं अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांच्या अभ्यासातून बनवलेल्या नियमात लिहिलेलं आहे, त्यामुळे तुमच्या म्हणण्याला तिथे वजन असतं. त्याची रोजची झोपायची वेळ आहे ना? मग झोपू द्या. तासा-दोन तासांनी हलकेच जागं करून बघा, नेहमीसारखा कुरकुरला की पुरे. उलट्या सुरू झाल्या, उठवून उठेना किंवा तुम्हाला तो वेगळा वाटला तर मला विचारत बसू नका, थेट न्या.

गोधडी
हो, हीच वेळ त्याची. झोपला. दहाला उठवून लिहिते.